अजून पाच वेळा

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी वर्दीचा शर्ट घातलेला एक बस ड्रायव्हर वॉकर धरून बसला होता. सोबत बायको होती.

"दवाखाना चार दिवस बंद आहे म्हणालात. आणि आज त्या डॉक्टरबाईंचाच फोन आला, का येत नाही म्हणून."

"येत होतो गं. बाहेरच्या कट्ट्यावर तासभर बसायचो आणि घरी परतायचो."

"इतकं दुखतं?"

"दुखणं सोसलं असतं. सोमवारी तिनं गुडघा वाकवला आणि माझा हात उठला. तिच्या गालावर बसला."

"अगं बाई. आपल्या धाकटीएवढी पोर ती."

"म्हणून तर. तिनं खाली पडलेला चष्मा उचलला, पुसला आणि म्हणाली, काका, अजून पाच वेळा."

"माफी तरी मागितलीत?"

"नाही. वॉकर धरला आणि तसाच बाहेर पडलो."

"फोनवर ती यातलं काहीच बोलली नाही. गुडघा आखडेल, काकांना पाठवा, एवढंच म्हणाली."

आतून हाक आली.

"चला, मी येते बरोबर."

"नको. तू इथंच बस. तुझ्यासमोर मला जमायचं नाही."

तो आत गेला. पडदा सरकला.

"या काका, झोपा."

"थांब, बाळा. आधी मला उभ्यानं बोलू दे."