भिजलेली राख

ज्वालामुखीची राख तीन दिवस पडत होती. मास्कच्या रांगेत उभ्या गवंड्याच्या कानावर पुढच्या दोघी जावांचं बोलणं पडत होतं.

"सासूबाई शिडी लावून छपरावर पाणी मारणार आहेत. म्हणे, राख धुऊन निघेल."

"मारू दे. आपलं कधी ऐकलंय त्यांनी?"

गवंड्याला राहवेना. "ताई, ही चुलीतली राख नव्हे, दगडाचा चुरा आहे. भिजला की दुप्पट जड होतो. कालपासून दोन छपरं बसलेली पाहिलीत मी. आधी त्यांना घरापासून लांब करा."

"लाव गं फोन."

"मी? सहा महिने आमच्यात शब्द नाही. तुम्ही थोरल्या, तुम्ही लावा."

"माझा त्या उचलत नाहीत. तुझा उचलतील, भांडायला का होईना."

धाकटीने फोन लावला.

"आई, मी बोलतेय... नाही, भांडायला नाही. आधी पाणी बंद करा आणि शिडीवरून उतरा... छपराचं मरू दे हो, तुम्ही लांब व्हा!... झालात? शेजारी जाऊन बसा. आलोच आम्ही."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझ्याच खोलीवरून सुरुवात केली होती. राखेनं तुला रात्रभर खोकला येतो ना."