खालच्या दारात अडवलेल्या ताई

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आमच्या विमान कंपनीच्या केबिन विभागाचे प्रमुख साहेब. व्यासपीठावर विराजमान असलेल्या प्रशिक्षण केंद्राच्या प्राचार्या बाई आणि आमचे ज्येष्ठ कॅप्टन साहेब. पुढच्या रांगेतले निमंत्रित पाहुणे. आणि थेट ड्यूटीवरून येऊन मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, पायांचे तुकडे पडलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

रीतीप्रमाणे यानंतर सत्कारमूर्तींचा उल्लेख करायचा असतो. करते. पण मधली खुर्ची रिकामी आहे, हे तुम्हाला दिसतंच आहे. निवेदक मघाशी म्हणाले की ताईंना यायला जरा उशीर होतोय. अहो, कसला उशीर? ताई केव्हाच्या आल्यात! खाली, याच इमारतीच्या दारात, पहारेकऱ्याने त्यांना अडवून ठेवलंय. ताईंचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, आत्ता वर येऊन माझ्या कानात सांगून गेले. ते बघा, दारापाशी उभे आहेत. ताई गणवेश घालून आल्यात आणि पहारेकऱ्याला वरून हुकूम आहे, की कामावर नसलेल्या माणसाला कंपनीच्या गणवेशात आत सोडायचं नाही. 'बाई, कोट काढून हातात घ्या, मग सोडतो,' असं तो म्हणतोय. ताई म्हणतात, काढणार नाही.

तेव्हा मी लिहून आणलेलं गोडगोड भाषण पर्समध्येच राहू दे. आज मला गोड बोलता येणार नाही.

पाहुण्यांना आमची रीत ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आमच्यात निवृत्त होणारा माणूस निरोपाला गणवेशातच येतो. हारतुरे झाले, भाषणं झाली, की त्याच्या कोटावरचा पंखांचा बिल्ला त्याचा जोडीदार काढतो. जोडीदार म्हणजे दाराचा. विमानाच्या पुढच्या दारात एकजण उभा असतो, मागच्या दारात एकजण. पुढच्या दारात ताई आणि मागच्या दारात मी, अशी आमची जोडी. तो बिल्ला स्वतःच्या हाताने काढायचा नसतो आणि परक्याच्या हाताने तर नाहीच नाही. हे कुठे छापलेलं नाही, पण आजवर कोणी मोडलेलंही नाही. प्रमुख साहेब, तुमच्या बाबतीतही कोणी मोडणार नाही.

आता एवढं रामायण झालं कशावरून? सांगते. 'थोडक्यात आटपा' म्हणून चिठ्ठी आलीय. मिळाली हो, आटपते.

प्रवासी आत येताना आम्ही हसून नमस्कार करतो. त्यांना वाटतं, किती अगत्य! पण आमचे डोळे कामाला लागलेले असतात. कोण पिऊन आलंय, कोण आजारी दिसतंय, वेळ पडली तर दार उघडायला कोणाला हाक मारायची. ताईंचे डोळे मात्र आधी पायांकडे जायचे. कोणी अनवाणी आला, चपलेचा अंगठा तुटलेला असला, की त्या तिथेच थांबवायच्या. 'आग लागली आणि फुटक्या काचांवरून पळावं लागलं तर काय कराल?' असं तोंडावर विचारायच्या. एकीला तर त्यांनी पिशवीतले आपले स्वतःचे जोडे घालायला दिले होते. नव्या पोरी मागून त्यांना बूटताई म्हणायच्या. ताईंना ते कळत होतं. एकदा मला म्हणाल्या, 'म्हणू दे गं. त्यांचे पाय तर शाबूत राहतील.'

म्हणजे अधिकार वापरायला ताई कधी कचरल्या नाहीत. तो कशासाठी आहे, ते त्यांना माहीत होतं, एवढंच.

मग आला तुमचा नवा नियम. प्रवाशाचा पोशाख सभ्य असावा, आणि सभ्य काय ते कर्मचाऱ्यांनी ठरवावं. प्राचार्या बाई, तुम्ही आम्हाला आग विझवायला शिकवलंत, घशात घास अडकला तर काय करायचं ते शिकवलंत. बाह्या किती लांब असाव्यात, हे कुठल्या तासाला शिकवलं होतंत? माझ्या आईला जे चालायचं नाही ते मी बिनदिक्कत घालते, आणि माझी लेक जे घालते ते बघून मी कपाळाला हात लावते. मग विमानात नियम कोणाच्या घरचा धरायचा?

त्या दिवशी एक बाई चढल्या. कडेवर तापाने फणफणलेलं बाळ. त्या बाळाने प्रतीक्षाकक्षात त्यांच्या अंगावर भडाभडा ओकून टाकलं होतं. बिचारीने सदरा धुऊन पिशवीत कोंबला आणि आतल्या बिनबाह्यांच्या टॉपवर आली. बाकीचं सामान विमानाच्या पोटात गेलेलं. पहिल्या रांगेत आमच्या कंपनीचे एक लाडके, सोनेरी कार्डवाले गृहस्थ बसले होते. त्यांचा पारा चढला. 'इथे घरंदाज माणसं बसतात. हिला झाका, नाहीतर उतरवा!' विमानतळावरचा अधिकारी धावत विमानात आला, म्हणाला, नियम आहे. एका नव्या पोरीने घाबरून त्या बाईंच्या खांद्यांवर कंपनीचं पांघरूण टाकलं. आत हवा कोंदलेली, बाळ तापलेलं, आणि वर ते लोकरीचं पांघरूण! बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, 'माझ्याकडे दुसरं काही नाहीये हो.'

ताई आल्या. पांघरूण काढलं, व्यवस्थित घडी घातली आणि त्या गृहस्थांपुढे धरली. 'साहेब, त्रास तुम्हाला होतोय ना? मग हे तुम्ही घ्या. डोक्यावरून ओढा आणि झोपा.'

अख्खं विमान हसलं. मला मागच्या दारात ऐकू आलं!

आणि मग ताईंची नजर सवयीने खाली गेली. गृहस्थ बूट-मोजे काढून, उघडी पावलं समोरच्या भिंतीला लावून बसले होते. ताई म्हणाल्या, 'बूट घाला. उड्डाणाच्या वेळी पायात बूट लागतात. नाही घातलेत तर तुम्हालाच उतरवावं लागेल.' गृहस्थ हटून बसले. विमान जागचं हलेना. कॅप्टन साहेब, त्या दिवशी कॉकपिटमध्ये तुम्हीच होतात. काय अडलंय म्हणून तुम्ही विचारलंत. ताई म्हणाल्या, 'बूट अडलेत.' तुम्ही म्हणालात, 'मग थांबू या.' किती बरं वाटलं होतं तेव्हा! गृहस्थांच्या तक्रारीवरून चौकशी बसली, तेव्हा मात्र तुम्हाला यातलं काहीच आठवलं नाही. पाणी प्या, साहेब. तांब्या तुमच्या जवळच आहे.

चौकशीचा निकाल काय लागला? प्रवाशाच्या पोशाखाबाबत अधिकाराचा गैरवापर. कोणी केला? ताईंनी! आहे की नाही गंमत? मग त्यांना उड्डाणावरून काढलं, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं आणि नको नको करून सोडलं. शेवटी ताईच म्हणाल्या, घ्या तुमची नोकरी. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर काय छापलंय? 'स्वेच्छानिवृत्तीनिमित्त'. लाज कशी वाटत नाही हो?

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतोय. एका बाईला सांगायचं अंगावर घे, दुसरीला सांगायचं अंगावरचं काढ. आणि सांगणारा प्रत्येक वेळी दारात उभा, हातात नियम घेऊन! मला नोकरीची भीती नाही, असं समजू नका. चांगलीच वाटते. म्हणून तर गोडगोड भाषण लिहून आणलं होतं. पण आज इथे ताईंच्या कामाची तारीफ करून चहा पिऊन घरी गेले असते, तर भावजींना पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं.

अध्यक्ष महाराज, तुमच्या एका फोनने खालचं दार उघडेल. फोन समोर टेबलावरच आहे. मी थांबते.

बरं. थांबून झालं.

आता आभार मानते आणि संपवते. सभागृह सजवणाऱ्यांचे आभार, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे आभार, आणि तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल तुमचे तर फारच आभार. बोलण्याच्या भरात पाहुण्यांचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. व्यासपीठाला जे बोलले, त्याची माफी मी मागत नाही.

समारंभ खाली, पायऱ्यांवर होईल. ज्यांना यायचंय त्यांनी या, ज्यांना नोकरीचा घोर आहे त्यांनी बसून राहा, मी मनात काही ठेवणार नाही. भावजी, चला. तो हार घ्या गं कोणीतरी. बिल्ला मी काढणार आहे. कोट ताईंच्या अंगावरच राहील, आणि त्या तो घालूनच घरी जातील.