हात बाकाखाली

नाही नाही, कॅमेरा इतक्यात नको, ताई, आधी ऐका तरी. मुलांची खुणांची भाषा टिपायला तुम्ही एवढ्या लांबून आलात, पण — म्हणजे ती भाषा शिकवणारी मी नव्हेच. कुणीच नव्हतं! ऐकू न येणारी ही मुलं घरून आली ती नुसती बोट दाखवत, भूक, पाणी, संपलं. इथे एकत्र राहायला लागली आणि एकाची खूण दुसऱ्यानं उचलली, तिसऱ्यानं सोपी केली, मागून आलेल्या चिल्ल्यापिल्ल्यांनी तर कमालच — ‘काल’ची खूण वेगळी, ‘उद्या’ची वेगळी, ‘तू म्हणालास म्हणून’ एवढंसुद्धा हातांनी! मोठ्या मुलांनाही झेपेना. दुधाचं आपोआप दही व्हावं तसं — छे, दह्याला विरजण तरी लागतं, इथे तेही नव्हतं.

माझं नाव काय ठेवलं होतं, माहितीये? खांदे उडवायचे. मी दचकते ना — अगं बाई! बघा, दिवा लुकलुकला, आमची घंटा हीच, दोन वर्षं झाली तरी मी उडतेच. तर खांदे उडवले की मी. आणि मग हसायची, अख्खा वर्ग. मला ओ की ठो कळायचं नाही आणि माझं नाव आपलं या हातातून त्या हातात.

म्हणून नाही हं मी तो भिंतीवरचा तक्ता लावला! प्रमाण खुणा आहेत, बाहेरच्या जगात उपयोगी पडतात. स्वतःच्या खुणा केल्या की शिक्षा — हात बाकाखाली. त्यांच्या भल्यासाठीच. थोडं त्या हसण्यामुळेही. बरंचसं हसण्यामुळे, ताई. आता तक्ता बिनचूक करून दाखवतात, पण मघाशी चेहरे पाहिलेत ना? ओळखपत्रावरच्या फोटोसारखे. ती भाषा गेली हो. मीच मोडली. मोठ्या बाईंना सांगू नका.

थांबा. ती खिडकीजवळच्या बाकावरची चिमुरडी, आमचं शेंडेफळ — माझ्याकडे बघून शेजारणीला काय सांगतेय? हे तक्त्यात नाही. खांदे नाही उडवले, दोन्ही मुठी बाकाखाली सारल्या. आता मागचाही तेच करतोय. सगळ्यांना कळतंय! म्हणजे आहे, ताई, जिवंत आहे, बाकाखाली वाढत होती — आणि त्या मुठी म्हणजे —

मीच.

लावा कॅमेरा. पहिली खूण माझ्याच नावाची टिपली जाईल, जाऊ दे. मी असले की ती बोलायची नाहीत, मी बाहेर थांबते. माझ्यामागे कशाला येताय? त्यांच्याकडे बघा ना. जा.