मावशीची हनुवटी आणि संगमरवरी बाई

या हकिकतीचे तीन पाठभेद प्रचलित आहेत आणि तिन्हींत मूर्ख मीच आहे, ही माझी पहिली तक्रार. खिओस बेटावरचा पाठ म्हणतो की एव्दोकिया मावशीला संग्रहालयातून हाकलून दिलं आणि भाचा नुसता बघत राहिला. इकडे अथेन्समध्ये, आमच्या निर्वासितांच्या वस्तीत, असं सांगतात की संगमरवरी पुतळीने मावशीला डोळा मिचकावला आणि भाच्याला तेवढंच दिसलं नाही. आणि संग्रहालयाचे पहारेकरी कॉफी पिताना जो पाठ सांगतात, त्यात तर भाच्याला भोवळ येते. तुम्हाला सांगतो, लोककथांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवावं आणि शेवटी आपणच लोककथा होऊन बसावं, यासारखी फजिती नाही. म्हणून हा चौथा पाठ. यात भोवळ नाही.

मूळ कारण म्हणजे मावशीची नणंद, मारिगो. माझी आजी, म्हणजे मावशीची आई, लहानपणी समुद्रापलीकडच्या तुर्की किनाऱ्यावरचं स्मिर्ना शहर जळत असताना अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीतून खिओसला उतरली; मावशी पुढे त्याच बेटावर, मास्टिकचा डिंक काढणाऱ्या एका जुन्या घराण्यात पडली; आणि तेव्हापासून बारसं असो, लग्न असो, कुणाचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण असो, ही मारिगो भरल्या टेबलावर काटा खाली ठेवून म्हणणार, "आम्ही बाई इथले, प्राचीन. तुम्ही काय, काल बोटीने आलात." काल म्हणजे किती लांबवावा माणसाने? मावशीला नातवंडं झाली तरी ती कालच आलेली!

अशात मावशी औषधाच्या दुकानात गेली. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर आमच्या संग्रहालयातली एक प्राचीन बाई... एक हात कमरेवर, मान डावीकडे, एक भुवई वर, हनुवटीला खळी. नाक तेवढं तुटलेलं. औषधवाला म्हणाला, "एव्दोकियाबाई, हा फोटो कधी काढून घेतलात?" झालं! मावशी मिळेल त्या बोटीने माझ्या दारात हजर. "प्राध्यापक, बूट घाल. तिच्याशेजारी माझा फोटो काढायचा. पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या सणाच्या जेवणाला, मारिगोच्या ताटाशेजारी ठेवणार आहे मी तो."

आता आमच्याकडे संग्रहालयात एक नियम आहे. फोटो खुशाल काढा, पण पुतळ्यासमोर उभं राहून त्याच्यासारखे हावभाव करायचे नाहीत. पर्यटकांची पोरं दंड फुगवून उभी राहतात, म्हणून. नियम योग्यच आहे, मी त्याच्या बाजूने व्याख्यानसुद्धा दिलेलं आहे. पण नियम करणाऱ्याने माझी मावशी पाहिलेली नव्हती.

मावशी पुतळीशेजारी गेली, बोटीच्या प्रवासाने कंबर धरली होती म्हणून हात कमरेवर ठेवला, मी दिसतोय का हे बघायला मान वळवली, मी फोन उचलला... आणि निळ्या कोटातल्या पहारेकरीण बाई कडाडल्या, "पुतळ्याची नक्कल करू नये."

"कोण करतंय?" मावशी म्हणाली. "मी उभी आहे."

"हात खाली घ्या."

मावशीने हात खाली घेतला. पण राग आला की तिची भुवई वर जाते, आणि राग तर आलाच होता. बाई पुन्हा, "पुतळ्याची नक्कल करू नये. भुवई खाली."

"भुवई माझ्या आईची आहे."

मी हळूच म्हटलं, मावशी, उभी राहू नकोस, नुसती अस. तर म्हणते, "प्राध्यापक, तू गप्प बस, तुझ्या पोटाची सावली पडतेय." मग तिने कोपऱ्यातली पहारेकरणीचीच खुर्ची ओढली आणि बसली. बसलेला माणूस उभ्या पुतळीची नक्कल कशी करील, सांगा तुम्ही? पण हनुवटी बसूनही तीच! बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि त्यांचा आवाज जरा चिरकला, "पुतळ्याची... नक्कल करू नये."

"माझ्या जन्मापासून हे तोंड असंच आहे. नक्कल कोण करतंय ते तिला विचारा."

एव्हाना दालनभर माणसं जमलेली. एक जपानी जोडपं टाळ्या वाजवतंय, एक म्हातारा फ्रेंच गृहस्थ मावशीलाच टोपी काढून नमस्कार करतोय, आणि मी खांबामागे. शेवटी अधिकारी आल्या. शांत, पांढरे केस, हातात चाव्या. मावशीकडे पाहिलं, पुतळीकडे पाहिलं, पुन्हा मावशीकडे.

"कुठल्या आपण?"

"खिओस."

"मूळच्या?"

मावशीने हनुवटी वर केली. त्या हनुवटीत आयुष्यभर ऐकून घेतलेलं सगळं होतं. "स्मिर्ना. बोटीने आलेल्या."

अधिकारीबाईंनी पुतळीखालची पाटी दाखवली. सापडल्याचं ठिकाण: स्मिर्ना. मग पहारेकरणीकडे वळून म्हणाल्या, "नियम थट्टा करणाऱ्यांसाठी आहे. ही थट्टा नाही. या घरच्यांना भेटायला आल्यात."

आणि तुम्हाला सांगतो, त्याच निळ्या कोटातल्या बाईंनी माझ्या हातून फोन काढून घेतला, गर्दीला मागे हटवलं, "सरका, सरका, घरचा फोटो आहे," आणि मावशीला म्हणाल्या, "बाई, हात कमरेवर ठेवा ना. भुवई वर."

पंधरा ऑगस्टपर्यंत कोण थांबतंय? मावशीने तिथूनच फोटो पाठवला आणि मारिगोला फोन लावला. पलीकडे चष्मा शोधल्याची खुडबुड. मग आवाज, "दिसतेस खरी तिच्यासारखी. पण ही कुठली?"

"स्मिर्नाची."

"म्हणजे तीसुद्धा बोटीनेच आली."

मी डोळे मिटले. मावशीने मात्र हात कमरेवर ठेवला. "बोटीनेच आली, मारिगो. आणि आता जगभरची माणसं तिकीट काढून तिच्यासमोर उभी राहतात. तुझ्यासमोर कोण राहतं गं?"

मारिगोने फोन ठेवला. मला वाटलं, आता घरी जाऊन पाय पाण्यात सोडता येतील. पण मावशी पुढच्या दालनात शिरलीसुद्धा, प्रत्येक पुतळ्याचं तोंड निरखत, आणि मी मागून. संग्रहालय बंद व्हायच्या आत आम्हाला मामा सापडले, घोड्यासकट.