जिन्याच्या कठड्यावरचे तीन ठोके

माझे नाव श्यामकांत विठ्ठल ठोसर, वय ७१, शिक्षण सहावी, एसटी डेपोतून निवृत्त हेल्पर, मूळ राहणार चिपळूण, सध्या मुलगा यशोधन याच्या घरी, कायझर्सलाउटर्न, जर्मनी. मला जर्मन येत नाही, म्हणून सून मैथिली दुभाषी म्हणून शेजारी बसली आहे. पोलीस साहेबांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या खालच्या मजल्यावर सॉ एह दो, वय अंदाजे साठ, एकटे राहतात. ते ब्रह्मदेशातील कॅरेन लोकांपैकी. थायलंडच्या हद्दीवरील निर्वासित छावणीत त्यांची एकोणीस वर्षे गेली. पत्नी अजून तिथेच आहे. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलतो. छावणीत तांदूळ, पिवळी डाळ, कोळसा मापाने मिळे. पानांचे छप्पर दरवर्षी नवे घालावे लागे. कुंपणाबाहेर जायला बंदी. यांची नोंद बरीच वर्षे झाली नव्हती. शिपाई तपासणीला आले की राखणदार बांबूवर तीन ठोके देई आणि हे जंगलात पळत.

एकदा जिन्याचा लोखंडी कठडा दाखवून ते म्हणाले, "तुम्हाला वरून फाटक दिसतं. युनिफॉर्म आला की तीन." मी हसून "यस बॉस" म्हटले. इथले कागद त्यांना मिळालेले आहेत, हे मला माहीत होते.

शुक्रवार ता. २६ जानेवारी २००७ रोजी सकाळी पावणेदहाला फाटकातून काळा कोट, पितळी बटणे असलेला इसम आत आला. मला तो पोलीस वाटला. मी कठड्यावर तीन ठोके दिले. मैथिली बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, ते धुराड्याची चिमणी तपासणारे आहेत. मी काल सांगितलं होतं ना?" सांगितले होते. चिमणीवाला मळक्या कपड्यांत येईल असे मला वाटले होते.

खाली गेलो तेव्हा सॉ एह दो यांचे मागचे दार उघडे होते. त्यांचा कोट खुंटीला होता. बर्फात सपातांचे ठसे जंगलाकडे गेलेले होते.

आज सोमवार, ते अजून परत आलेले नाहीत. रविवारी त्यांच्या खोलीतला फोन बराच वेळ वाजला. त्यांची पत्नी रविवारी फोन करते. त्यांनी ठेवायला दिलेली खोलीची किल्ली माझ्याकडे होती. मी आत गेलो नाही.

माझ्या मुलाच्या व्हिसावर यामुळे काही येऊ नये, ही विनंती.

धोका टळला हे कळवायला किती ठोके, असे साहेबांनी विचारले. ते मला माहीत नाही. त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. रोज एक, दोन, चार, पाच असे देऊन पाहतो. तीन देत नाही.

वरील मजकूर सुनेने मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो आहे, म्हणून खाली सही करतो.

श्यामकांत वि. ठोसर