वजा दोन

...आणि वर मलाच म्हणतात, ‘हात लावू नका!’ अहो, माझा कॉम्प्युटर! माझ्या घरचा! लेकीच्या टेबलावरून उचलला, चादरीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर घेऊन प्रयोगशाळेत आणला... लेक दारापर्यंत मागे आली, ‘बाबा, माझा अभ्यास आहे त्यात, परत कधी आणणार?’ म्हटलं, चार दिवसांत! त्याला झाले पाच महिने.

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या नव्या साहेबांचं. आमची पाणी तपासायची प्रयोगशाळा. साहेब आले आणि पहिल्याच दिवशी बोट वर करून, ‘बावीस वर्षं हातानं आकडे लिहिताय? माणूस चुकतो. यंत्र खोटं बोलत नाही!’ तराजू, पीएच मीटर, जंतू वाढवायची उबपेटी, सगळं कॉम्प्युटरला जोडा म्हणाले. बरं, कॉम्प्युटर कुठाय? ‘तुमच्या घरी आहे ना?’ झालं! मी कशाला तोंड उघडलं होतं चहाच्या वेळी, देव जाणे.

मग आलं तळहाताएवढं हिरवं कार्ड, इंटरफेस बोर्ड. एका बाजूला उपकरणांच्या वायरी, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, मधे हा दुभाषी. आठ दिवस मान मोडून सोल्डर करत बसलो, बोटं भाजली, चष्म्याचा नंबर वाढला... पण तराजू बोलायला लागला! पीएच मीटर बोलायला लागलं! मी आपला खूश. आणि मग बोलली उबपेटी. एकोणचाळीस!

अहो, ती एकोणचाळीसच दाखवणार! जुनी खोड तिची. आत असतात सदतीस अंश, दाखवते दोन जास्त. तीनदा लेखी कळवलं, वरून उत्तर, ‘चालतेय ना? मग चालवा.’ जुने साहेब म्हणाले, ‘तू आपला दोन वजा करत जा.’ करत गेलो. लेक जन्मली त्या दिवशीसुद्धा दवाखान्यातून धावत आलो, दोन वजा केले, आकडा लिहिला, परत गेलो! पण आपण वजा करतो हे वहीत कुठे लिहून ठेवावं, हे काही सुचलं नाही हो... कुणाला सुचतं?

साहेबांचा एक डोळा पडद्यावर, एक वहीवर. ‘इथे एकोणचाळीस, वहीत सदतीस! म्हणजे बावीस वर्षं थापा?’ दुसऱ्या दिवशी मेमो. ‘नोंदी बनावट का समजू नयेत? सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा निलंबन.’ बनावट! माझी वही!

म्हटलं, साहेब, सोपं आहे. भांड्यात बर्फ घातला, पाणी घातलं, पेटीची तापमान मोजायची काडी त्यात बुडवली. वितळत्या बर्फाचं तापमान किती? शून्य! शाळेतलं पोर सांगेल. पडद्यावर आले, दोन. म्हटलं, बघा! साहेबांनी पडदा बघितला, बर्फ बघितला, आणि मला विचारतात काय, ‘बर्फ कुठून आणला?’ म्हटलं, का हो? ‘बर्फात गडबड आहे. यंत्र खोटं बोलत नाही!’

बर्फ खोटा! मग त्यालाही द्या ना मेमो! देईल खुलासा, वितळायच्या आत!

खरं सांगू? त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडलो मी. बावीस वर्षं हो...

सातव्या दिवशी सगळ्यांच्या आधी आलो, कॉम्प्युटर सुरू केला, प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली. वजा दोन. बस्स! साहेब आले. पडद्यावर सदतीस, वहीत सदतीस. अशी थाप मारली पाठीवर! ‘बघा, बोर्ड रुळला! आणि यंत्राच्या धाकानं तुम्हीही नीट लिहायला लागलात!’ म्हटलं, मग मेमो? ‘राहू दे फाइलमध्ये. वचक राहतो.’

आणि कॉम्प्युटरवर कागद चिकटवला, ‘हात लावू नये. माणूस चुकतो.’

काल लेकीनं पुन्हा विचारलं, ‘बाबा, माझा कॉम्प्युटर?’ म्हटलं, बाळा, विसर आता, त्याला नोकरी लागली. माझी! तो दोन वजा करतो, आणि मी त्याच्यावरची धूळ पुसतो... तीही साहेबांना विचारून.