दगडखाणीतील तिसऱ्या शॉटबाबत

माझे नाव व राहता पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. वय ५३ वर्षे. धंदा लेखन, त्याआधी बावीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक. एकत्र राहणाऱ्या व्यक्ती: आई, धाकटा भाऊ, भावजय व मी. लिहून घेणाऱ्या हवालदारांनी यातून भावाचे नाव कमी करायचे का असे विचारले. कालपर्यंत चार होतो, एवढे लिहावे.

आज सकाळी दहा वाजता मी आपणहून ठाण्यात आलो आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. विचारल्यावरून सांगतो ते पुढीलप्रमाणे.

माझी कादंबरी पुढच्या महिन्यात बाहेर येणार आहे. तिची जाहिरात म्हणून दोन मिनिटांची फिल्म काढायचे प्रकाशकांनी ठरवले. हल्ली पुस्तक वाचण्याआधी लोकांना ते बघावे लागते, असे त्यांचे म्हणणे आहे. फिल्ममध्ये लेखकानेच काम करावे ही कल्पना दिग्दर्शकाची. तो वयाने माझ्या निम्मा आहे. मला अभिनय येत नाही, शाळेच्या गॅदरिंगमध्येही मी पडदा ओढायला होतो, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "सर, तुम्हाला काही करायचंच नाहीये. नुसतं उभं राहून बघायचंय." हे मला जमण्यासारखे होते.

कादंबरीच्या एकशे बाराव्या पानावर दोन लहान भाऊ आहेत. धाकटा खाणीच्या पाण्यात बुडत असतो आणि थोरला काठावरून बघत राहतो. तो पाण्यात उतरत नाही, ओरडत नाही, कोणाला बोलवायलाही पळत नाही. शेवटी एक वाटसरू धाकट्याला बाहेर काढतो. फिल्ममध्ये हेच भाऊ मोठे झालेले दाखवायचे होते. वय वाढले, पण थोरला अजून त्याच काठावर उभा आहे, असे काहीसे. मला ते आवडले होते.

पाण्यातल्या कामासाठी भावाला घ्या, असे मीच सुचवले. तसे करायला मला कोणी सांगितले नव्हते. भाऊ वय ४७ वर्षे, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक, पोहायला चांगला. पाठमोरा थेट माझ्यासारखा दिसतो, केस तेवढे त्याला जास्त. त्याने एक दिवसाची रजा टाकली. निघताना भावजयीला म्हणाला, "दादा मला पुस्तकात घेत नाही, निदान सिनेमात तरी घेतोय." आई दारात आली होती. ती म्हणाली, "पाणी आहे तिथे, जपून. पण दादा आहे म्हणा बरोबर."

काल सकाळी सव्वाआठला आम्ही गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीवर पोहोचलो. तीन बाजूंना कापलेला दगड आहे, चौथ्या बाजूने उतार. पाणी हिरवे आणि गार होते. दिग्दर्शक, कॅमेरामन, त्याचा मदतनीस, मेकअपच्या बाई, रबरी होडी घेऊन आलेला नावाडी आणि आम्ही दोघे, अशी सात माणसे होतो. भावाला लांब लोकरी कोट दिला. पुस्तकात कोट नाही. दिग्दर्शकाला तो पाण्यावर पसरलेला हवा होता. कोट भिजल्यावर किती जड होतो हे भावाने पहिल्याच वेळी सांगितले. "कुणीतरी पाठीवर बसल्यासारखं वाटतंय," असे त्याचे शब्द होते.

कॅमेरा सुरू होण्याआधी नावाड्याने सगळ्यांना एकत्र उभे केले आणि खुणा ठरवल्या. बुडण्याचे नाटक करताना भावाने एकच हात वर करायचा. दोन्ही हात वर म्हणजे खरोखर अडचण. "दोन हात दिसले की तुमचा कॅमेरा चालू असो नाहीतर बंद, मी आलो," असे तो दिग्दर्शकाला म्हणाला. भावाने दोन्ही हात वर करून दाखवले. "असं ना? बँकेत दरोडा पडल्यासारखं?" सगळे हसले, मीही हसलो. खुणा मला नीट समजल्या होत्या.

पहिला शॉट नऊ चाळीसला झाला, दुसरा अकरा वीसला. दोन्ही वेळा कॅमेरा पाण्याकडे होता, मी काठावर पाठमोरा होतो आणि नावाडी होडीत, कडेला होता. भावाने दोन्ही वेळा एकच हात वर केला. कट झाल्यावर तो पोहत बाहेर आला. युनिटच्या लोकांनी त्याला हिरो म्हणायला सुरुवात केली होती आणि तोही मागे वळून हात करत होता.

एक वाजता जेवण झाले. त्यानंतर भाऊ आणि मी लोकांपासून बाजूला एका दगडावर बसलो होतो. त्याचे ओठ निळे पडले होते. आमच्यात झालेले बोलणे ठाण्याच्या साहेबांनी विचारले म्हणून आठवते तसे सांगतो.

तो म्हणाला, "वाचलं मी पुस्तक. प्रुफं तुझ्या टेबलावर होती."

मी म्हणालो, "कादंबरी आहे ती."

"हो, कादंबरीच." मग त्याने चहा फुंकून प्यायला. "मला आठवतं, दादा. सहा वर्षांचा होतो, काही पाळण्यात नव्हतो. तू काठावर उभा होतास. निळी चड्डी होती तुझी."

इतकी वर्षे आईला का सांगितले नाहीस, असे मी विचारले.

"काय सांगायचं? ती तुझ्यावर एवढी खूश होती. आणि तू तरी कुठे मोठा होतास, बारा म्हणजे काय वय असतं?" एवढे बोलून तो कोट कुठे वाळत टाकलाय ते बघायला उठला.

यावर साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की होय, एकशे बाराव्या पानावरची घटना खरी आहे. खाण दुसरी होती, भाऊ आम्हीच होतो. वाटसरू आपल्या वाटेने निघून गेला आणि घरी गेल्यावर मी आईला सांगितले, की याला मी काढले. आईने ती गोष्ट गेली एक्केचाळीस वर्षे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली आहे. भावाच्या लग्नातही सांगितली. तेव्हा भाऊ शेजारी उभा राहून मान हलवत होता. त्याला काही आठवत नाही, असे मी धरून चाललो होतो.

दुपारच्या बोलण्याचा मला राग आला का, असे विचारण्यात आले. राग आला नाही. भावाशी माझे कोणत्याही कारणावरून भांडण नव्हते. त्याने मला माफ केले होते आणि तेही माझ्या नकळत, फार आधीच. त्यामुळे मला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

अडीच वाजता फक्त माझ्या चेहऱ्याचा शॉट राहिला होता. त्यासाठी कॅमेरा पाण्याकडे पाठ करून माझ्यासमोर लावला. पाण्यात कोणी असण्याची गरज नव्हती. मी नजर कुठे ठेवायची हे कळावे म्हणून मदतनिसाने लाल झाकणाचा एक रिकामा कॅन पाण्यावर सोडला. त्या कॅनकडे बघत मी दोनदा उभा राहिलो. दिग्दर्शक म्हणाला, "सर, चेहऱ्यावर काहीच येत नाहीये." ते खरे होते. मी म्हणालो, "प्लास्टिकच्या कॅनकडे बघून काय येणार? त्याला उतरू दे."

दिग्दर्शक नको म्हणाला. भाऊ दमला आहे, गारठला आहे, कॅनवरच भागवू, असे तो दोन वेळा म्हणाला. याची नोंद व्हावी, कारण तो पोरगा कालपासून स्वतःला दोष देत बसला आहे.

भाऊ मेकअपच्या बाईंची शाल गुंडाळून बसला होता. मी त्याच्याकडे बघितले. तो म्हणाला, "एकदाच ना?" मी म्हणालो, "एकदाच." तो उठला. कोट कॅमेऱ्यात दिसणार नव्हता, त्यामुळे घालायचे कारण नव्हते. मी घाल म्हणालो. त्याशिवाय मला ते खरे वाटले नसते.

ऊन उतरत चालले होते. माझ्या तोंडावर उजेड पाडायला एक मोठा पांढरा तक्ता धरावा लागतो. मदतनिसाच्या हातात आधीच एक होता, दुसरा धरायला माणूस कमी पडला, म्हणून तो नावाड्याच्या हातात दिला. तक्ता धरायचा तर त्यालाही पाण्याकडे पाठ करावी लागत होती. त्याने विचारले, "मग पाण्याकडे कोण बघणार?" मी म्हणालो, "मी बघतोच आहे की. माझं कामच ते आहे." त्यावर त्याने तक्ता उचलून धरला.

दोन बावन्नला कॅमेरा सुरू झाला. कट म्हणेपर्यंत कोणी हलायचे नाही, असे दिग्दर्शकाने सांगितले. ते तो प्रत्येक शॉटला सांगतो. पाण्याकडे तोंड असलेला मी एकटाच होतो. बाकीचे सगळे माझ्याकडे किंवा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याकडे बघत होते. भाऊ माझ्यापासून अंदाजे पंचवीस फुटांवर होता. तो दोनदा खाली जाऊन वर आला, सकाळसारखाच. मग कोट त्याच्या डोक्यावर आला. तो त्याने बाजूला केला. त्याने एक हात वर केला, म्हणून मी हललो नाही. त्याचे तोंड उघडे होते, पण आवाज आला नाही. दिग्दर्शक दबक्या आवाजात म्हणत होता, "छान सर, धरून ठेवा, धरून ठेवा." मी धरून ठेवले. कट ऐकू आले तेव्हा पाण्यावर फक्त लाल झाकणाचा कॅन होता.

दिग्दर्शक म्हणाला, "सर, हेच हवं होतं." तेव्हाही तो पडद्याकडेच बघत होता. नावाडी मागे वळला, तक्ता टाकून त्याने तशीच उडी मारली. मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो. त्यापुढे मला पोहता येते तरी मी गेलो नाही. तीन वीसला नावाड्याने भावाला वर आणले. कोटाची दोन बटणे त्याने काढलेली होती, तिसरे अर्धे निघाले होते. चार वाजून पाच मिनिटांनी दवाखान्यात डॉक्टरांनी तो मयत असल्याचे सांगितले.

मी घरी गेलो तेव्हा माझी पँट अजून ओली होती. आईने ती बघितली. भेटायला आलेल्यांना आई कालपासून सांगते आहे, की याने ह्याही वेळी उडी मारली हो, पण देवाच्या मनात नव्हते.  सकाळी भावजयीने मला चहा आणून दिला आणि कप हातात देताना एवढेच विचारले, "दादा, त्यांनी हाक मारली का हो?" मी नाही म्हणालो. ते खरे आहे. आईसमोर मी काही बोललो नाही. मला लाज वाटते.

चित्रीकरण साहेबांनी मला आज दाखवले. एक मिनिट आठ सेकंद आहे. त्यात पाणी नाही, भाऊ नाही. सगळा वेळ माझा चेहरा आहे. यावरून काही सिद्ध होत नाही, असे साहेब म्हणाले. मी ते दोनदा बघितले. चेहऱ्यावर जे हवे होते ते चव्वेचाळिसाव्या सेकंदाला आले आहे. त्यानंतरही कॅमेरा चोवीस सेकंद चालू आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. एका ठिकाणी चूक आहे. चूक लिहून घेणाऱ्यांची नाही, मीच तसे सांगितले होते. भावाच्या हाताविषयीच्या वाक्यात 'एक हात वर केला' हे खोडून 'दोन्ही हात वर केले' असे करावे. तसे केल्यावर पुढचा 'म्हणून' तिथे बसत नाही, तोही काढावा. दुरुस्ती माझ्या हाताने केली असून शेजारी सही केली आहे. ते आता असे वाचावे: त्याने दोन्ही हात वर केले. मी हललो नाही.

हे पुन्हा एकदा वाचून दाखवले. आता बरोबर आहे.